पाखाडी विकली मी, आणि गावाच्या बजेटात आले काही हजार

पोस्ट लांब आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी सगळ्यांनी वाचावी म्हणून आजच टाकतोय. मुंबईकरांनीही वाचा, तुमचा संबंध जास्तच आहे.

२५ डिसेंबरला नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. त्याच संध्याकाळी मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच जाहिरात आली. "सी टच प्लॉट, केळशी-आंजर्ले पट्टा, नवी मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्टपासून फक्त अडीच तास." खाली निळा समुद्र, त्यात पांढरी बोट. फोटो आपल्याकडचा नाहीच, पाणी बघूनच कळतं. आणि अडीच तास! ज्याने हे लिहिलं त्याने मे महिन्यातल्या रविवारी माणगाव बाजारातून गाडी काढून दाखवावी, मी स्वतः त्याला कोकम सरबत पाजेन.

हसण्यावारी नेलं असतं, पण मला त्या जाहिरातीवर हसायचा अधिकार नाही. कारण गेल्या वर्षी आमच्या घरातली अडतीस गुंठे वरकस आम्ही अशाच एका जाहिरातवाल्या पार्टीला विकली. सातबारावर सतरा नावं. त्यातले गावात राहणारे आम्ही दोघं, बाकी डोंबिवली, नालासोपारा, एक पुतणी बडोद्याला. आमच्या चुलतभावाचं म्हणणं साधं होतं: "दादा, तिकडे काजूची सहा झाडं नि गवत. निसर्ग वादळात होतं तेही पडलं. कोण करणार आहे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ३ जून २०२० नंतर आपल्या गावात किती आगरं उभी राहिली नि किती तशीच आडवी पडून कुजली, हे तुम्हाला मी सांगायला नको. नारळाला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, पोफळीलाही तेवढीच. साठीतल्या माणसाने कोणासाठी लावायचं, हा प्रश्न आहेच.

तर विकली. किती आले ते सांगत नाही, सतरा ठिकाणी वाटल्यावर सांगण्यासारखं राहिलंही नाही. पण एक चूक माझ्या हातून झाली ती सांगायची आहे.

त्या वरकसातून वरच्या वाडीची पाखाडी जाते. आजोबांच्या वेळेपासूनची. शाळेत जाणारी पोरं, दळण घेऊन येणाऱ्या बायका, आणि कधी कोणी गेलं तर तिरडीसुद्धा त्याच वाटेने खाली येते. कागदावर ती वाट कुठेच नाही. सातबाऱ्यावर नाही, नकाशात नाही. असायची गरजच कधी पडली नाही, कारण जमीन आमची होती नि आम्ही कुणाला कधी अडवलं नाही. खरेदीखताचा मसुदा वकिलाने वाचून दाखवला तेव्हा मी चहा पीत होतो. चतुःसीमा वाचल्या, क्षेत्र वाचलं, आकार वाचला. "सदर मिळकतीत कोणाचाही वहिवाटीचा हक्क नाही" हे वाक्यही वाचलं. मी मान हलवली. दापोलीला जाऊन सही केली, अंगठा दिला, फोटो काढला.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात सिमेंटचे खांब आले. तार अजून लागलेली नाही, पण दोन खांब बरोबर पाखाडीच्या तोंडाशी आहेत. वरच्या वाडीतली एक बाई मला घरी येऊन म्हणाली, "भाऊ, तुम्ही विकलंत ते तुमचं. आमची वाट कशाला विकलीत?" आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

आता यात विमानतळ नि बजेट कुठून आलं ते सांगतो.

मी बेलापूरला तेवीस वर्षं नोकरी केली. आमच्या ऑफिसात तरघरचा एक मित्र होता. तरघर म्हणजे नवी मुंबई विमानतळात गेलेल्या दहा गावांपैकी एक. उलवे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वरचे ओवळे, वाघिवली, कोंबडभुजे अशी ती गावं. ११६० हेक्टरचा प्रकल्प, उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला. तिथल्या लोकांना त्यांच्या जमिनीच्या साडेबावीस टक्के विकसित भूखंड देण्याचं पॅकेज ठरलं. तेही आपोआप नाही मिळालं. त्याच्या मागे १९८४ सालचं जासईचं आंदोलन आहे, दि. बा. पाटलांचं नेतृत्व आहे, पोलिसांच्या गोळीबारात गेलेले पाच जण आहेत. त्यातून आधी साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं, पुढे विमानतळासाठी साडेबावीस. विमानतळाला नाव कोणाचं, यावरून २०२१ साली लोक रस्त्यावर का उतरले हे ज्याला कळत नसेल, त्याने हा हिशेब बघावा.

परवा त्या मित्राचा फोन आला. विमान पाहायला ये म्हणाला. बोलता बोलता मी माझी खांबांची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला नि म्हणाला, "अरे, आमच्याकडे सरकार आलं होतं. नोटीस आली, मोजणी आली, आम्ही भांडलो तरी. तुमच्याकडे कोण आलं होतं?"

कोणी नाही. आम्हीच गेलो.

पुरंदरला बघा. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं. २०१६ पासून विमानतळाची टांगती तलवार. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मे २०२५ मध्ये ड्रोन सर्व्हेच्या वेळी पोलिसांशी झटापट झाली. नंतर बऱ्याच जणांनी संमतीही दिली, मोबदल्याचे आकडे बदलले, ते त्यांचं ते जाणोत. मुद्दा एवढाच की तिथे निदान ठराव करायला विषय तरी आहे. आपल्याकडे प्रत्येक जण आपापल्या घरात गुपचूप विकतो. खाजगी जमिनीच्या व्यवहारावर ग्रामसभेला काही म्हणण्याचा अधिकार नाही, आणि नसावाही, असं माझं मत आहे. उद्या माझ्या मुलीच्या लग्नाला पैसे लागले तर मी गावाची परवानगी मागत बसणार नाही. पण पन्नास घरांनी वेगवेगळं घेतलेला निर्णय शेवटी गावाचाच निर्णय होतो, फक्त तो कुठल्या इतिवृत्तात येत नाही.

आता बजेट. मला स्वतःला हे वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं, म्हणून लिहितो. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक नमुना नंबर १ मध्ये असतं, ते कोणीही मागू शकतो. ई-ग्रामस्वराजच्या साईटवर आराखडा नि खर्च फोनवरसुद्धा दिसतो. जमेच्या बाजूला घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, वित्त आयोगाचा निधी. वित्त आयोगाचे पैसे आले की ते आपल्या मर्जीने खर्च करता येत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगात साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली, चाळीस टक्के मोकळी. स्वतःच्या उत्पन्नातूनही पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला-बालकल्याणाला, पाच टक्के दिव्यांगांना द्यायचेच. हे बरोबरच आहे. पण मग "अमुक पाखाडी का करत नाहीत" म्हणून आपण चावडीवर ओरडतो, तेव्हा मोकळे पैसे मुळात किती असतात हे आपल्याला माहीत नसतं.

त्या जमेच्या यादीत एक ओळ असते, मुद्रांक शुल्क अनुदान. ही ओळ आजवर माझ्या नजरेतून सुटली होती. खेड्यातल्या जमिनीचं खरेदीखत झालं की मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का अधिभार घेतात. तो पुढे शासनाकडून जिल्हा परिषदेमार्फत येतो, निम्मा जिल्हा परिषदेला, निम्मा ग्रामपंचायतीला. येतो तेव्हा येतो, पण येतो.

म्हणजे समजा चाळीस लाखांचा व्यवहार झाला. एक टक्का म्हणजे चाळीस हजार. गावाच्या वाट्याला वीस हजार. एजंटाची दोन टक्के दलाली ऐंशी हजार, आणि तीही दोन्हीकडून घेणारे आहेत. गाव हातचं गेलं त्यात गावाला वीस हजार, नि ज्याने फोन फिरवले त्याला चौपट.

आणि हे वीस हजार एकदाच. घेणारा बंगला बांधेल, घरपट्टी भरेल, मान्य. पण तो बंगला मे महिन्यात भरणार, दिवाळीत भरणार, थर्टी फर्स्टला भरणार. म्हणजे जेव्हा विहिरी तळाला जातात नेमकं तेव्हा. त्याला टँकर लागेल, स्विमिंग पूल असेल तर दोन लागतील. कचरा गाडी लागेल. जमीन विकल्याचे पैसे एकदा मिळतात, पाणी मात्र दर वर्षी लागतं. तरी ते अनुदान आपण नेहमीच्या जमेत मिसळतो नि नेहमीच्या खर्चात घालतो. आपल्या घरात कोणी आगर विकून त्या पैशातून लाईटबिल भरलं, तर आपण त्याला काय म्हणू?

यात ग्रामपंचायतीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ते नियमाने जमा धरतात, नियमाने खर्च करतात. विचारायला हवं होतं आपण, नि आपण ग्रामसभेला जात नाही. गणपूर्ती किती लागते? मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा. तेवढीही होत नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. मग आठ-दहा जण बसून जे ठरेल ते ठरतं. मी स्वतः मागच्या पाच वर्षांत फारतर दोनदा गेलो असेन. एकदा तर मधेच उठून आलो, मॅच होती.

आपल्या गावाला रस्त्याचा नि वाळूच्या टेकडीचा अनुभव आहे. सागरी मार्गाच्या कामासाठी टेकडी कापली तेव्हा आतले थर उघडे पडले, म्हणून डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठ्यांना तिथे जुन्या त्सुनामीच्या खुणा शोधता आल्या. जगात नाव झालं केळशीचं. पण जो भाग गेला तो गेला. आता रेवस-रेड्डी मार्गावरचा केळशी खाडीवरचा पूल होईल, बाणकोटचा होईल, मग जाहिरातीतले अडीच तास कदाचित खरेही होतील. पूल व्हायलाच हवा, आजारी माणसाला घेऊन मंडणगडच्या वळणांतून ज्याने रात्री गाडी काढली आहे तो पुलाला नाही म्हणणार नाही. फक्त पूल झाल्यावर जमिनीचे व्यवहार आजच्या दसपट होतील, हे धरून चला.

म्हणून २६ तारखेला मी दोन विषय लेखी देतोय. पहिला, मुद्रांक शुल्क अनुदानाची रक्कम दर ग्रामसभेत वेगळी वाचून दाखवावी, आणि ती शक्य तेवढी विहिरी, वहाळावरचे बंधारे नि सार्वजनिक वाटा यांवरच खर्च करण्याची शिफारस ग्रामसभेने करावी. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक याच दिवसांत ठरतं. दुसरा, गावातल्या सगळ्या पाखाड्यांची यादी. कुठून निघते, कोणाच्या जमिनीतून जाते, कोण वापरतं. वाडीवार म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन फिरायचं, मोबाईलवर मार्किंग करायचं, ग्रामसभेत वाचून ठराव घ्यायचा. ठरावाने मालकी बदलत नाही हे मला माहीत आहे. पण उद्या तहसीलदारासमोर उभं राहायची वेळ आली तर हातात काहीतरी कागद असेल. आणि यापुढे जे विकतील त्यांनी खरेदीखतात वाट लिहून घ्यावी. एक ओळ लागते. घेणारा सहसा नाही म्हणत नाही, कारण त्याला त्या क्षणी जमीन हवी असते. सही झाल्यावर मात्र तो विचार करतो.

माझ्या पाखाडीचं सांगायचं तर, घेणाऱ्या गृहस्थांशी दोनदा फोनवर बोललो. माणूस वाईट नाही. "बघू, आर्किटेक्टला विचारतो," म्हणाले. एका कडेने सहा फुटांची पट्टी सोडायला तयार होतील असं वाटतं, पण लिहून द्यायला तयार नाहीत. मामलेदार कोर्ट ॲक्टखाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे एप्रिलअखेर मुदत. अर्ज वरच्या वाडीच्या लोकांनी करायचा, कारण वापर त्यांचा. विकणारा म्हणून मी त्यात साक्ष देणार आहे, माझ्याच खरेदीखतातल्या वाक्याविरुद्ध. वकील म्हणाला, तुमची पंचाईत होईल. होऊ दे.

चैत्रात देवीच्या उत्सवाला मुंबईकर येतील तेव्हा ज्यांना ही वाट आठवते अशा सगळ्यांनी एक दिवस जास्तीचा काढा, जबाब लिहून घ्यायचे आहेत. जुना फोटो कोणाकडे असेल, लग्नाची वरात, पालखी, शाळेची फेरी, काहीही ज्यात ती पाखाडी दिसते, तर मला आजच पाठवा. मूळ फोटो जपून ठेवा, कॉपी चालेल.

ग्रामसभा सोमवारी, झेंडावंदनानंतर. मॅच असली तरी मी येतोय.