तोफांवर कोरलेलं उज्जैन

फ्रीगंजमधल्या आमच्या घरी येणाऱ्यांना एका कपाटाचं फार नवल वाटतं. देवघरातल्या पोथ्या, दिवाळी अंक ठीक आहे. पण तोफांच्या इतिहासावरची जाडजूड पुस्तकं कोण वाचतं? माझं उत्तर साधं असतं. आपण मराठी मंडळी माळव्यात कशी आलो, टिकलो आणि सत्ता कशी गमावली, याचा बराच हिशेब या पुस्तकांत आहे.

गेल्या दिवाळीत बंगळूरहून आलेल्या पुतण्याने विचारलं, "काका, इंग्रजांच्या तोफा आपल्यापेक्षा चांगल्या होत्या, म्हणून आपण हरलो ना?" लहानपणापासून आपल्यातले बरेच जण हेच ऐकत आलेले असतात. वाद घालण्याऐवजी मी त्याच्यासमोर एकेक पुस्तक काढून ठेवलं.

पहिलं विल्यम आयर्विनचं, मुघलांच्या सैन्यावरचं, १९०३ सालचं. तोफखान्याची भाषा शिकायची तर इथूनच सुरुवात करावी. हत्तीवरची गजनाल, उंटावरची शुतरनाल, जंबुरक अशा शब्दांचे अर्थ त्याने नीट लावून दिले आहेत. बखर वाचताना अडलं की मी अजून तेच उघडतो.

दुसरं सुरेंद्रनाथ सेन यांचं, मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचं, १९२८ सालचं. हे बंगाली विद्वान मराठी कागद वाचून लिहीत. तोफखान्याच्या बाबतीत आपण परक्यांवर विसंबलो, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. वाचताना बोचतं, पण वाचावं.

तिसरं हर्बर्ट कॉम्प्टनचं, १८९२ सालचं. हिंदुस्थानात नशीब काढायला आलेल्या युरोपीय सरदारांच्या या हकिकती. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयनला कवायती पलटणी उभारायला सांगितलं. त्याच्या तोफा ओतायला सँग्स्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस होता. १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढाया याच फौजेने जिंकल्या.

चौथं मेजर विल्यम थॉर्नचं, १८१८ सालचं. हा लॉर्ड लेकच्या मोहिमेत स्वतः लढलेला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीजवळ शिंद्यांची फौज हरली, तेव्हा हाती लागलेल्या तोफांची इंग्रज अधिकाऱ्यांनी केलेली नोंद त्यात आहे. पितळी तोफा बहुतेक इथेच ओतलेल्या. काहींवर मथुरेचं नाव, काहींवर उज्जैनचं! कारागिरी कंपनीच्या तोफांच्या तोडीची, असा शेराही आहे. त्या काळी उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती; ती ग्वाल्हेरला गेली १८१० मध्ये. आपल्या गावाचं नाव शत्रूच्या यादीत, आणि तेही कौतुकासह वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

मग हरलो कशाने? त्यासाठी रँडॉल्फ कूपरचं २००३ सालचं पुस्तक. त्याचं म्हणणं असं की मराठ्यांच्या तोफा आणि पायदळ कमी नव्हतं. कंपनीची पत आणि पैसा भारी पडला. शिंद्यांच्या नोकरीतल्या युरोपीय अधिकाऱ्यांना फोडायला त्याच वर्षी जाहीरनामे निघाले. सेनापती पेरों दिल्लीच्या लढाईआधीच इंग्रजांकडे निघून गेला. उलट १ नोव्हेंबरला लासवारीत आपले गोलंदाज संगिनींनी मारले जाईपर्यंत तोफांपाशी उभे होते. हे लेकनेच लिहून ठेवलंय. म्हणजे तोफ फितूर झाली नाही आणि गोलंदाजही नाही. हुकूम देणारे मात्र विकत घेता येत होते.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सँग्स्टरचं नाव आहे. उज्जैनमध्ये ज्यांनी तोफा ओतल्या, त्यांची कुठायत?"

या पुस्तकांत ती नाहीत. फ्रीगंजचा पूल ओलांडून महाकाळाकडे गेलं की तोपखाना नावाची वस्ती लागते. वस्तीला नाव उरलं, माणसांना नाही. साचे करणारे, धातू वितळवणारे, दारू कुटणारे यांची नावं असलीच तर मोडीतल्या पगारपत्रकांत असतील, आणि तसे कागद घराघरांतून रद्दीत चालले आहेत. आमच्याच गल्लीत एक जुनं घर पाडताना मोडी कागदांची पेटी वजनावर गेली. मला रद्दीवाल्याकडून चार पानं मिळाली. धान्याचा हिशेब आहे, पण तारीख आहे, नावं आहेत.

थॉर्न, कॉम्प्टन, आयर्विन आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. इंग्रजी तर तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं येतं. पण माळ्यावरची बासनं इंटरनेटवर नाहीत. या सुट्टीत आजीला विचारून ती एकदा खाली काढा. वाचता आलं नाही तरी प्रत्येक पानाचा फोटो घ्या. मोडी महिना-दोन महिन्यांत येते. रद्दीत गेलेला कागद परत येत नाही.