चिकपेटला चला, पण या वेळी टायर घ्यायला!

चिकपेट म्हटलं की घरात सगळ्यांना आधी साड्याच आठवतात. लग्नाचा बस्ता बांधायचा असो की दिवाळीची खरेदी, बंगळुरूत राहणाऱ्याची पावलं कधी ना कधी या गल्ल्यांकडे वळतातच. पण याच जुन्या पेठांच्या कडेला, चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, जे. सी. रोड आहे. तिथं गाडीच्या बारीकशा स्क्रूपासून सायलेन्सरपर्यंत सगळं मिळतं, आणि अर्थातच टायरही.

तुमच्या घरी थार, जिम्नी किंवा गुरखासारखी फोर-बाय-फोर गाडी असेल आणि तिचे टायर बदलायची वेळ आली असेल, तर आज माझ्याबरोबर चला. जाता जाता पेठही बघून होईल.

आधी पेठ

पहिल्या दिवशी गाडी घरीच ठेवा. चिकपेटच्या गल्ल्यांत पार्किंग शोधण्यातच निम्मा दिवस जातो. मेट्रोची ग्रीन लाइन थेट चिकपेट स्टेशनला सोडते. रविवारी इथली बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवार किंवा मधला वार बरा.

कन्नडमध्ये ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘पेटे’ म्हणजे आपली पेठ. १५३७ मध्ये केंपेगौडांनी हे शहर वसवलं. चिक्कपेटे आणि दोड्डपेटे जिथं एकमेकींना छेदतात, त्या चौकातून त्यांनी चार दिशांना चार नांगर सोडले आणि त्या तासांवर रस्ते आखले, अशी आख्यायिका आहे. ती दोड्डपेटे म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड. पुढे १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यामुळे या गल्ल्यांतून हिंडताना आपल्याला फार परकं वाटत नाही.

अव्हेन्यू रोडवरची पुस्तकांची दुकानं बघत दक्षिणेकडे चालत राहा. फुलांचा वास यायला लागला की के. आर. मार्केट आलं. तिथून डावीकडे एस. जे. पी. रोडनं टाउन हॉलपर्यंत जा आणि उजवीकडे वळा. हाच जे. सी. रोड.

दुकानदारानं विचारायच्या आधी

चिकपेटचा साडीवाला साडी उलगडण्याआधी विचारतो, “कशासाठी हवी? रोजच्या वापराला की लग्नाला?” टायर घेतानाही हाच पहिला प्रश्न आहे. गाडी वर्षभर खरोखर कुठं धावते, ते घरीच कागदावर लिहून काढा.

उदाहरण घ्या. तुम्ही बंगळुरूहून सकलेशपूरच्या कॉफीच्या मळ्यात जाता. साधारण सव्वादोनशे किलोमीटर डांबरी रस्ता आणि शेवटचे पाच-सहा किलोमीटर चिखल. किंवा गावाकडे निघालात, तर बेळगावपर्यंत महामार्ग आणि पुढे आंबोलीचा घाट. म्हणजे फोर-बाय-फोर असूनही बहुतेक प्रवास डांबरावरच होतो.

टायरचे मुख्य तीन प्रकार लक्षात ठेवा.

एच. टी. म्हणजे हायवेचा टायर. शांत चालतो, मायलेज चांगलं देतो, पण चिखलात लवकर हार मानतो.

एम. टी. म्हणजे चिखलाचा टायर. याच्या गोट्या मोठ्या आणि मधल्या खाचा रुंद असतात, त्यामुळे चिखल आपोआप बाहेर फेकला जातो. पण डांबरावर तो घोंघावतो, पेट्रोल-डिझेल जास्त खातो आणि लवकर झिजतो.

ए. टी. हा या दोघांमधला. थोडा आवाज करतो, पण मळ्याची वाट, कच्चा रस्ता आणि महामार्ग सगळं सांभाळून घेतो.

घरातल्या तरुण मंडळींना एम. टी. हवा असतो, कारण गाडी रुबाबदार दिसते. दिसते, यात वाद नाही. पण जुलैचा पाऊस आहे, आंबोलीचं वळण आहे, मागच्या सीटवर आजी आणि लहान मुलं आहेत आणि समोरच्या ट्रकनं अचानक ब्रेक मारला, असं क्षणभर डोळ्यांसमोर आणा. ओल्या डांबरावर एम. टी. टायरचं कमी रबर रस्त्याला टेकतं. गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. त्या वेळी रुबाब कामाला येत नाही. दर आठवड्याला खरोखर चिखलात उतरणाऱ्यांसाठी एम. टी. उत्तमच आहे. बाकी बहुतेक कुटुंबांना ए. टी. पुरतो, आणि गाडी शहराबाहेर क्वचितच जात असेल तर एच. टी. घ्यायला लाजू नका.

आकडे वाचायला शिका

साडीचा पदर जसा उलटून बघतो, तशी टायरची बाजू वाचायची. थारवर २५५/६५ आर १८ असं लिहिलेलं दिसेल. २५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, आर म्हणजे रेडियल आणि १८ म्हणजे इंचांत रिमचं माप. पुढे वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर असतं. १०९ म्हणजे एक टायर १०३० किलो पेलतो. कंपनीनं दिलेल्या टायरपेक्षा हे दोन्ही कमी चालणार नाहीत.

मग तारीख बघा. बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. ३२२४ असेल तर टायर २०२४ च्या ३२ व्या आठवड्यात बनला. टायर न वापरताही रबर कडक होत जातं, म्हणून जुना माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर बदल, असा बऱ्याच कंपन्यांचा सल्ला असतो.

तुमचे सध्याचे टायर खरंच संपलेत का, तेही तपासा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्यानं तीच शेवटची मर्यादा आहे. पावसाळ्यासाठी मात्र तिथवर थांबू नका.

चारही एकाच मापाचे

ही गोष्ट साध्या गाडीपेक्षा फोर-बाय-फोरला जास्त लागू आहे. थार आणि जिम्नीमध्ये फोर व्हील लावलं की पुढची आणि मागची चाकं एकाच गतीला बांधली जातात. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील, तर दोन्हींचा घेर वेगळा होतो आणि तो ताण गिअरच्या यंत्रणेवर पडतो. केंपेगौडांचे नांगर चार दिशांना गेले ते ठीक, आपली चार चाकं एकाच चालीनं चालायला हवीत. म्हणून चारही टायर एकदम, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे घ्या. स्टेपनीही त्याच मापाची हवी.

मोठं माप बसवायचा मोह होईल. जिम्नीला मूळ १९५/८० आर १५ टायर असतो. काही जण २१५/७५ बसवतात. त्यानं चाक सुमारे दीड टक्का उंच होतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा कमी वेग दाखवतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठं घासतो का, हेही बघावं लागतं. मागच्या दारावर लटकणारी स्टेपनी जड झाली की बिजागऱ्यांवर भार वाढतो. शिवाय वॉरंटी आणि विम्याच्या अटी आधी वाचाव्या लागतात. कंपनीचं माप ठेवलं तर यातलं काहीच डोक्याला नको.

भाव आणि बिल

तीन-चार दुकानांत फिरा. ‘एष्टु?’ म्हणजे किती, आणि ‘स्वल्प कम्मी माडी’ म्हणजे थोडं कमी करा. एवढं कन्नड बोललात तरी समोरचा हसून आणखी एक आकडा सांगतो. भाव विचारताना फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह धरून एकच आकडा मागा. तुमच्या जुन्या टायरचे किती वळते करणार, तेही तेव्हाच ठरवा. रिमोल्ड केलेला किंवा खाचा नव्यानं कोरलेला टायर कितीही चकचकीत असला तरी नको. बिलावर प्रत्येक टायरचा नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

सगळं ठरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, गर्दीच्या आधी गाडी घेऊन या. टायर बसवताना समोर उभे राहा आणि तारखेचे चार आकडे पुन्हा एकदा वाचा. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, तेवढीच भरा. नवा टायर सुरुवातीला थोडा निसरडा असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा जपून चालवा. मृगाचा पाऊस पडायच्या आधी हे उरकलंत, तर घाटात गाडी कोणीही चालवत असो, मागे बसलेल्यांना निवांत झोप लागेल.