घरातले विरजण, रानातले विरजण

जंतू म्हटले की आपल्याला रोगराई आठवते. पण सगळेच जंतू वैरी नसतात. चमचाभर विरजणाने रात्रीतून दही लागते, ते दुधातल्या साखरेचे आम्ल करणाऱ्या जिवाणूंमुळे. माझी आई शाळेत गेली नव्हती, पण कढत दुधात ती विरजण कधी घालत नसे. "ते जितं असतं, पोळलं की मेलं," म्हणायची.

असेच एक विरजण रानातही असते. हरभरा फुलावर येऊ लागला की एक झाड मातीसकट अलगद खणून काढा. मुळे पाण्यात धुवा. मुळांवर गाठी दिसतील, त्यातली एक नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर गाठ कामाला लागली आहे असे समजा. तिच्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. हे जिवाणू तो पिकाला पचेल असा करून देतात आणि त्या बदल्यात झाडाकडून साखर घेतात. हॉलंडच्या बायेरिंक या शास्त्रज्ञाने १८८८ साली गाठीतले हे जिवाणू वेगळे काढून वाढवले.

आता त्यांचे पाकीट विकत मिळते. साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पुरते. हरभऱ्याचे वेगळे, सोयाबीनचे वेगळे; ते विचारून, तारीख पाहून घ्या. पण पुष्कळदा हे पाकीट बांधावर उन्हात पडलेले असते, नाहीतर युरियाच्या पोत्यावर. मग पैसेही जातात आणि पिकाचा नत्रही.

पाकीट थंड जागी, सावलीत ठेवा. बियाण्याला बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावा, जिवाणू सर्वांत शेवटी. गुळाचे पाणी उकळले असेल तर पुरते निवू द्या, मगच त्यात पाकीट कालवा. बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. रासायनिक खतात मात्र ते कधी मिसळू नका.

आणि एक सुचवतो. यंदा ते पाकीट घरच्या लक्ष्मीच्या हाती सोपवा. जिते विरजण कसे राखायचे, हे तिला सांगावे लागणार नाही.