सर्व्हर डाऊन

२०१९ चा जून. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं जिल्हा वाळून गेला होता आणि मृगही कोरडाच चालला होता. तरी पीककर्जाचे कागद जमवायला माणसं तालुक्याला येतच होती. अंबाजोगाईला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्या दिवशी सकाळी धारूरच्या डोंगरपट्ट्यातून एक आजोबा आले. डोक्याला पटका, हातात वायरची पिशवी, पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासबुक. बँकेनं सातबारा आणि आठ-अ मागितला होता.

पान उघडेना. पडद्यावर लाल त्रिकोण आणि खाली इंग्रजीत दोन-तीन ओळी. मी त्या वाचल्या नाहीत. आजोबांच्या मागं आठ-दहा जण उभे होते. सवयीनं तोंडातून निघालं, "बाबा, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. पान तसंच. "आजबी बंदच हाय का?" एवढं विचारून ते पायरीवर टेकले. त्यांची परतीची एसटी दुपारची होती. तेवढ्यात शेजारच्या दुकानातला पोरगा ए-फोरचा गठ्ठा उसना मागायला आला आणि सहज म्हणाला, "आमच्याकडं तर सकाळपासून सातबारे निघायलेत."

तेव्हा कुठं मी त्या इंग्रजी ओळी वाचल्या. तुमच्या संगणकाचं घड्याळ मागं आहे, असं ब्राउझर स्पष्ट सांगत होता. उजव्या कोपऱ्यात खाली पाहिलं. तारीख होती १ जानेवारी २००९.

झालं होतं ते असं. संगणक बंद असताना त्याचं घड्याळ मदरबोर्डवरच्या एका नाण्याएवढ्या सेलवर चालतं. सीआर २०३२ असा त्याचा नंबर, तीन व्होल्टचा. आमच्याकडं भारनियमनात वीज तासन्‌तास जायची आणि माझं मशीन जुनंच विकत घेतलेलं होतं. सेल संपला आणि तारीख दहा वर्षं मागं गेली. आता ज्या संकेतस्थळाचा पत्ता 'एचटीटीपीएस'नं सुरू होतो, त्याच्याकडं एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. ब्राउझर ती मुदत आपल्याच संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. माझ्या संगणकाच्या हिशेबानं ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं. म्हणून त्यानं दार लावून घेतलं. तिकडचा सर्व्हर दोन्ही दिवस व्यवस्थित चालू होता.

तारीख दुरुस्त केली, पान उघडलं, पाच मिनिटांत दोन्ही उतारे आजोबांच्या हातात दिले. पैसे घ्यायला माझा हात पुढं होईना. ते म्हणाले, "पैशाचं काय नाय ल्येका. दोन रोज गेले."

त्या दिवशी संध्याकाळी मी दोनशे पानी वही आणली. पान का दिसलं नाही, शेवटी कारण काय निघालं, हे तिच्यात लिहायचं ठरवलं. आज अशा तीन वह्या भरल्या आहेत. त्यांतलं जे सगळ्यांच्या कामाचं आहे, ते इथं सांगतो.

खरं तर न दिसणाऱ्या पानांशी माझी ओळख त्याच्याही आधीची. २००३ साली एमएस-सीआयटी करून मी चार संगणकांचं नेट कॅफे टाकलं. तेव्हा मराठी पान उघडलं की बहुधा अक्षरांऐवजी चौकोन दिसायचे. विंडोज एक्सपीत देवनागरीची सोय होती, पण ती आपसूक चालू नसायची. कंट्रोल पॅनलमध्ये प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन एका चौकटीत खूण करायची, मूळ सीडी घालायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. मग 'मंगल' हा फॉन्ट बसायचा आणि चौकोनांच्या जागी मराठी उमटायची. कधी अर्धवटच व्हायचं: अक्षरं दिसायची, पण पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसायचे.

दुसरा प्रकार वर्तमानपत्रांच्या पानांचा. त्या काळी जवळजवळ प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. त्या पानात खरं मराठी नसायचंच. आत रोमन अक्षरांचे आणि खुणांचे सांकेतिक आकडे, त्यावर मराठी आकारांचं आवरण. फॉन्ट उतरवून घेतला तर बातमी वाचता यायची, नाहीतर टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि पौंडाच्या खुणा. फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाचं एक जोडप (एक्स्टेन्शन) निघालं होतं, ते असे बरेच फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. ते बसवलं आणि बातमी सलग वाचता आली, त्या दिवशी मला सण झाल्यासारखं वाटलं. आमच्या गावाजवळच मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधु' लिहिणाऱ्या त्या कवीला आपण मराठीचा आद्यकवी मानतो. त्यांच्या गावात मराठी वाचायला बसावं आणि पडद्यावर चौकोन दिसावेत, याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

तिसरा प्रकार अजूनही अधूनमधून भेटतो. युनिकोडनं देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिला आहे आणि यूटीएफ-८ या पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन-तीन बाइटांत लिहिली जाते. पान पाठवणाऱ्यानं पद्धत कोणती ते सांगितलं नाही, तर ब्राउझर ते तिन्ही बाइट सुटे सुटे, इंग्रजी-फ्रेंच समजून वाचतो. मग डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याला चिकटून चार किरणांचं चक्र, अशी जोडी पानभर दिसते. ही जोडी दिसली की ओळखावं: मजकूर शाबूत आहे, फक्त वाचण्याची पद्धत चुकली आहे. पूर्वी ब्राउझरच्या मेन्यूत 'एन्कोडिंग' असायचं, तिथं यूटीएफ-८ निवडलं की काम व्हायचं. क्रोमनं तो पर्याय काढून टाकला. फायरफॉक्समध्ये मजकुराचं एन्कोडिंग दुरुस्त करायची सोय आजही आहे.

२०११ च्या हंगामातला एक फोन मी विसरलो नाही. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. केज तालुक्यातल्या एका टोळीतलं पोरगं, बारावी झालेलं, आईबापाबरोबर फडावर गेलं होतं. रात्री कोपीतून त्याचा फोन आला. "दादा, भरतीची बातमी आलीय म्हणत्यात, पण मोबाइलवर नुसते डबे दिसायलेत." साधा बटणांचा नोकिया आणि त्यात ऑपेरा मिनी. फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. मी त्याला म्हणालो, पत्त्याच्या जागी 'ऑपेरा', मग दोन टिंबं, मग 'कॉन्फिग' असं लिही. स्पेलिंग एकेक अक्षर सांगितलं. जी यादी उघडली, तिच्यात तळाशी एक ओळ होती: अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरायची का? तिथं 'होय' करायला लावलं. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र करून फोनकडं पाठवायला लागला. पान थोडं जड झालं, नेटपॅक लवकर संपायला लागला, पण बातमी दिसली. पलीकडून त्यानं पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. मागं त्याची आई विचारत होती, "आलं का रं?"

आता चौकोनांचा काळ सरला आहे. मोबाइलवर मराठी आपोआप दिसते. पण पानं अजूनही बिघडतात आणि वहीत नव्या नोंदी होतच राहतात.

सगळ्यात जास्त नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पुष्कळदा उतारा किंवा पावती नव्या खिडकीत उघडणार असते आणि ब्राउझरनं जाहिरात समजून ती अडवलेली असते. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडं तेव्हा एक बारीक खूण येते, तिच्यावर दाबून त्या संकेतस्थळाला परवानगी दिली की खिडकी उघडते. लोक मात्र बटण वीसदा दाबतात आणि कंटाळून उठतात.

त्याखालोखाल विस्कटलेली पानं. सगळा मजकूर डावीकडं एकाखाली एक, निळ्या अधोरेखित ओळी, रंग नाही, रचना नाही. पान एका तुकड्यात येत नाही. मजकूर वेगळा येतो, त्याची सजावट सांगणारी फाइल वेगळी आणि बटणं चालवणारी वेगळी. रेंज गेली की एखादा तुकडा वाटेत राहतो, किंवा ब्राउझर साठवून ठेवलेला जुना तुकडा नव्या पानाला जोडतो. कंट्रोल धरून एफ-५ दाबलं की सगळे तुकडे नव्यानं मागवले जातात. एवढ्यानं न जमलं तर इनकॉग्निटो खिडकीत उघडावं. तिथं चाललं, तर दोष साठवलेल्या कचऱ्याचा किंवा ब्राउझरमध्ये बसवलेल्या एखाद्या जोडपाचा.

'सबमिट'चं बटणच नाही, म्हणून एक ताई रडकुंडीला आल्या होत्या. त्यांच्या पडद्यावर पान दीडपट मोठं झालेलं होतं आणि बटण कडेबाहेर गेलं होतं. कंट्रोल आणि शून्य दाबलं, बटण आलं. दुसऱ्या एकाच्या फोननं इंग्रजी फॉर्मचं परस्पर मराठी भाषांतर केलं होतं आणि यादीतलं त्याचं गावच त्याला सापडेना. नाव-गावाच्या फॉर्मवर हे भाषांतर बंदच ठेवावं.

काही बिघाड मात्र आपल्या हातातले नसतात, ते काळानं केलेले असतात. फ्लॅशची साथ ३१ डिसेंबर २०२० ला संपली आणि त्यावर उभी असलेली पानं पुढच्या काही दिवसांत रिकामी झाली. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. त्याच्याशिवाय न चालणारं एखादं जुनं पान निघालंच, तर एजमध्ये त्याच्यासाठी खास मोड आहे. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. त्यापुढची पानं नव्या भाषेत लिहिली जातात, जुना ब्राउझर ती अर्धीच समजतो. माझं ते घड्याळ हरवलेलं मशीन मी २०२३ मध्ये याच कारणानं बाजूला ठेवलं.

आणि खरंच सर्व्हर डाऊन असतो तेव्हा? असतोच की. जुलैअखेर पीकविम्याची मुदत संपत येते, राज्यभरातले शेतकरी एकाच वेळी एकाच दारावर उभे असतात. २०२३ साली एक रुपयात विमा सुरू झाला, तेव्हा गर्दी एवढी झाली की मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा वेळी पडद्यावरचा आकडा बघावा. ५ नं सुरू होणारा तीन आकडी क्रमांक असेल, तर अडचण तिकडची. ४०४ असेल, तर मागितलेलं पान त्या पत्त्यावर नाही, पत्ता तपासावा. तिकडची अडचण असेल, तर माणसाला रांगेत तिष्ठत ठेवू नये. त्याचा नंबर घ्यावा, कागद तयार ठेवावेत आणि रात्री दहानंतर पुन्हा बघावं. माझे कित्येक अर्ज रात्री अकराला गेले आहेत.

एक इशाराही द्यायला हवा. प्रमाणपत्राची चूक दिसते, तिथंच खाली 'तरीही पुढे जा' असा रस्ता असतो. घाईत तो रस्ता धरू नका. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर त्या पानावर आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, ओटीपी यांतलं काहीही टाकू नका. ते पान दुसऱ्याच कुणाचं असू शकतं.

माझ्यासारखी दुकानं आता गावोगाव आहेत. काचेच्या अलीकडं आपण बसतो आणि पलीकडं मजुरी बुडवून, जीपला पैसे देऊन आलेलं माणूस उभं असतं. पडद्यावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही. आपण जे सांगू, तेच त्याला खरं. म्हणून माझ्या सगळ्या व्यवसायबंधूंना आणि घरी बसून स्वतःचे फॉर्म भरणाऱ्यांनाही हात जोडून सांगणं आहे. "उद्या या" म्हणण्याआधी पाच मिनिटं द्या. पडद्यावर लिहिलेलं पूर्ण वाचा. दुसरं एखादं संकेतस्थळ उघडून बघा. तेही उघडत नसेल, तर दोष आपल्याकडं आहे. कोपऱ्यातली तारीख बघा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. मोबाइलच्या नेटवर बघा. एवढं करूनही पान आलं नाही, तरच सर्व्हर डाऊन आहे म्हणा.

सीआर २०३२ चा सेल किराणा दुकानातही मिळतो. माझ्या गल्ल्यात त्याचे दोन नग कायम असतात.