उदक

बोटीवर माणूस दोन दिवस नुसता खात असतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळी कोचीच्या विलिंग्डन बेटाला आमची बोट लागली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या पोटाला झाला. हे बेट बरेचसे माणसाने केलेले आहे. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनियराने बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाने भर घालून ते वाढवले. पाचच्या आत परत यायचे, अशी ताकीद मिळाली आणि आम्ही तिघे, म्हणजे आई, सौभाग्यवती आणि मी, रिक्षात बसलो.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर ती प्रसिद्ध चिनी जाळी पाहिली. लाकडी सांगाड्याला टांगलेले भले मोठे जाळे, आणि तोल सांभाळायला दुसऱ्या टोकाला दोरांनी बांधलेले धोंडे. चारपाच माणसांनी जोर लावून ते वर ओढले. निघाली मूठभर मासळी.

"एवढ्यासाठी एवढी माणसे?" आई म्हणाली. तिचे माहेर कारवारचे. मासळीच्या बाबतीत ती कुणाची भीड ठेवत नाही.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, त्याला इथेच पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. रिकाम्या जागेभोवती लोक फोटो काढत होते. मी आईला हे सांगितले.

"नेला ना? बरे झाले," एवढेच ती बोलली.

मला खरी ओढ होती ती मट्टनचेरीजवळच्या चेरलाईची. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून निघालेली कोकणी कुटुंबे या भागात येऊन राहिली. डच अधिकारी व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १६७८ साली ॲमस्टरडॅमला निघाला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोचीच्या तिघा वैद्यांचे नागरी लिपीतले कोकणी निवेदन छापलेले आहे. वर्गात मी हे दरवर्षी सांगतो. मुले लिहून घेतात आणि मीही पुढे जातो.

तिरुमल देवस्थानाशी पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि देऊळ बंद होते. ऊन मी म्हणत होते. बाटलीतले पाणी संपलेले. समोरच्या ओसरीवर एक वृद्ध बाई पापड वाळत घालीत होत्या. मी हिंदीत पाणी मागितले, मग इंग्रजीत. त्या हसल्या, पण उठल्या नाहीत. तेवढ्यात आई पायरीवर टेकली आणि स्वतःशीच पुटपुटली, "उदक..."

"उद्दाक?" बाईंनी चमकून मान वर केली.

तांब्याभर पाणी आले. मग जे सुरू झाले, ते तासभर थांबले नाही. बाईंचे हेल वेगळे, मधूनमधून मल्याळम शब्द. आई अडे, दोनदा विचारी, पुन्हा धावू लागे. तिचा हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. गिरगावात आमच्या घरी वडिलांचा दंडकच होता: मुलाचे मराठी बिघडता कामा नये. मराठी मुळीच बिघडले नाही, मी एम.ए. झालो. आणि आई चाळीसएक वर्षे आपल्याच मुलाशी परकी भाषा बोलत राहिली. 'उदक' हा शब्द मला ठाऊक होता, पण तो सोडण्यापुरता.

"तू काही बोलत का नाहीस?" सौभाग्यवतींनी मला हळूच विचारले. मी पापड मोजू लागलो.

ज्यू लोकांचे १५६८ सालचे प्रार्थनामंदिर आणि त्यातल्या निळ्या चिनी फरशा पाहायच्या राहून गेल्या. सौभाग्यवतींनी तो हिशेब रिक्षात पुरा केला.

धक्क्यावरच्या तपासणीत आईची पिशवी यंत्रातून दोनदा फिरली. शिपायाने उघडून पाहिले: पापडांचे मोठे पुडके. बाईंनी पैसे घेतले नव्हते.

रात्री डेकवर वारा सुटला होता. कोचीचे दिवे मागे पडत होते.

"आई, पाण्याला उदक. मग तहानेला काय म्हणायचे?"

"तान," ती म्हणाली. मी तो शब्द उच्चारून पाहिला.

"असे नाही रे. नाकातून."

मी पुन्हा म्हटले. ती खूप वेळ हसत होती.