घेर आणि पाते

एकाच झाडाची तीन माणसे तीन मापे घेतात, आणि तिघांचीही मापे खरी असतात. सरकार झाडाचा घेर मोजते, वखारवाला त्याचे घनफूट काढतो आणि ज्याला ते पाडायचे असते तो त्याची जाडी पाहतो. वकिलीच्या व्यवसायात पहिल्या दोन मापांशी आमचा नित्याचा संबंध. कारण बांधावरच्या झाडांचे तंटे हे बेळगाव-निपाणीकडच्या दिवाणी कामातले कधी न चुकणारे पीक आहे. तिसऱ्या मापाकडे मात्र कोर्टकचेरीत सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः माणसाचा जीव त्याच मापावर अवलंबून असतो, आणि म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनाने घेतले.

प्रथम सरकारी माप. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून झाडांनाही वेस लागू झाली. निपाणीच्या बाजूला १९७६ चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, तर वेशीपलीकडे कागलच्या बाजूला महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा. गोव्याचा कायदा १९८४ चा. तेथे तर २०१६ साली दुरुस्ती होऊन माड हा 'झाड' या व्याख्येतून बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी सन्मानाने परत आत आला. मधल्या काळात तो कोण होता, हा प्रश्न आमच्या कोकणी वाचकांनी स्वतःला अवश्य विचारावा! असो. कायदे निरनिराळे असले तरी अर्जाची रीत सगळीकडे जवळपास एकच: जात कोणती, संख्या किती, कारण काय आणि घेर किती. हा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्यावयाचा. वनखात्याच्या भाषेत १.३७ मीटर. हे माप उत्तम आहे. मोजणाऱ्याला वाकावे लागत नाही, आणि बुडाशी पसरलेल्या मुळांच्या फुगवट्यामुळे हिशेब बिघडत नाही. सरकारला झाड ओळखायचे असते, कापायचे नसते. तेव्हा त्याला हे माप पुरते.

दुसरे माप वखारीचे. अठराव्या शतकात एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने लाकूड मोजण्याची कोष्टके छापली, ती इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली आणि येथेच राहिली. घेराचा चौथा हिस्सा घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे; झाले घनफूट. समजा, ओंडक्याचा घेर नऊ फूट, म्हणजे १०८ इंच आहे. त्याचा चौथा हिस्सा २७, आणि त्याचा वर्ग ७२९. खऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ मात्र ९२८ चौरस इंच भरते. म्हणजे शंभरातले साडेएकवीस भाग हिशेबाबाहेर राहतात. कापताना साल, बाकळ आणि भुसा जातो त्याची ही सूट, असे व्यापारी सांगतो. ही सूट विकणाऱ्याच्याच खिशातून जाते, हे तो सांगत नाही. तरीही उभय पक्षांना ठाऊक असलेला आणि मान्य असलेला हिशेब म्हणून कायदा त्याच्या वाटेला जात नाही.

आता तिसरे माप. येथे थोडे मागे जावे लागेल. आमच्या लहानपणी खानापूरकडे ऐनाचे किंवा सागाचे मोठे खोड दोन माणसे करवतीने कापीत. दोघे समोरासमोर बसत, करवत एकाकडून दुसऱ्याकडे जाई, आणि तिच्या लयीवर आम्ही मुले तासन् तास खिळून राहत असू. ही करवत खोडाच्या जाडीपेक्षा बरीच लांब असावी लागे. कारण खोड ओलांडून शिवाय हातभर मागेपुढे जायला तिला वाव हवा. झाड जितके मोठे तितकी करवत लांब, हा नियम त्या हत्यारापुरता अगदी बरोबर होता.

पुढे यंत्र आले. जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळीची करवत केली आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी. त्या काळी तिलाही दोन माणसे लागत. १९४६ च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी एक अळी निरखून पाहिली. ती आपल्या दोन जबड्यांनी डावीउजवीकडे तासत पुढे जाते, हे ध्यानात येताच त्याने साखळीचे दात तसेच घडविले. आज आमच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानांत जे 'कटर' सर्रास मिळते, त्याच्या दातांची वंशावळ त्या अळीपर्यंत जाते. ५८ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि २२ इंचांचा 'बार' म्हणजे पाते, ही त्याची नेहमीची जोडी.

या यंत्रात पाते जागचे हलत नाही, त्याच्या कडेने साखळी धावते. एवढ्या एका फरकाने जुना नियम पालटतो. मागेपुढे जायला वाव लागत नाही, म्हणून पाते खोडापेक्षा लांब असलेच पाहिजे असे राहत नाही. ते मध्यापर्यंत पोचले तरी पुरे. एका बाजूने अर्धे व दुसऱ्या बाजूने अर्धे कापता येते. लोकांच्या डोक्यात मात्र करवतीचाच नियम बसलेला आहे. मोठ्या झाडाला मोठे पाते, यापलीकडे विचार जात नाही.

हे आम्ही शिकलो ते पुस्तकातून नव्हे. निपाणीजवळच्या एका गावी दोघा भावांच्या सामाईक बांधावर चिंचेचे जुने झाड होते. आतून पोकळ होत चाललेले, आणि धाकट्याच्या गोठ्यावर झुकलेले. झाडाची रीतसर परवानगी झाली होती, लाकडाच्या वाटणीचा कागद आम्ही केला होता, आणि पुढे तंटा नको म्हणून तोडीच्या दिवशी आम्ही हजर राहावे असा दोघांचा आग्रह पडला. अर्जात घेर नऊ फूट लिहिलेला होता. थोरल्याने त्यावरून जाडी काढली होती: नऊ फुटांना ३.१४ ने भागले की साधारण ३४ इंच येतात. पाते झाडाच्या जाडीहून दोन इंच जास्त असावे असे त्याने कोठेसे ऐकले होते. म्हणून त्याने ठेकेदाराला ३६ इंची पाते आणायला सांगितले. आणि ठेकेदाराने ते आपल्या नेहमीच्या लहान यंत्रावर चढवून आणलेही होते.

तोडणारे गृहस्थ साठीच्या घरातले. सारा गाव त्यांना मामा म्हणे. त्यांनी यंत्राकडे पाहिले, आणि मग आमच्याकडे वळून विचारले, "वकीलसाहेब, झाड कुटं मोजलंसा?"

"छातीच्या उंचीवर, मामा."

"मी छातीवर न्हाई कापत. कापतोय हितं." असे म्हणून त्यांनी जमिनीपासून दीड फुटावर सुतळी गुंडाळली. घेर भरला दहा फूट. सुतळीच्या त्यांनी तीन सारख्या घड्या घातल्या आणि एक घडी पात्याशेजारी धरली. आमच्या भागाकाराप्रमाणे खोड तेथे ३८ इंच जाड होते. मामांच्या घडीप्रमाणे त्याहून दोन इंच अधिक. काहीही धरले तरी ३६ इंची पाते आरपार जाणारच नव्हते. एवढे लांब पाते आणूनही ते आखूडच पडले होते.

"मग आता याहून मोठे आणायचे का?" थोरल्याने विचारले.

"मोटं कशाला? हेच काडा. इंजिन बारकं आन् पातं लांब, म्हंजे बैलाचं जू वासराच्या मानंवर. बावीसचं घाला. दोन बाजूंनी मदी गाठ पडतीया."

"आण्णा, मामांचं ऐका," धाकटा म्हणाला. गोठा त्याचा होता.

मामांच्या म्हणण्यात किती शास्त्र होते ते आम्ही मागाहून समजून घेतले. पाते लांबले की साखळी लांबते, आणि तेवढे सगळे दात ओढायला इंजिनाचा जोर लागतो. ३६ इंची पात्याला नव्वद-शंभर घन सेंटिमीटरचे इंजिन शोभते. लहान इंजिनावर ते चढविले तर साखळी लाकडात मंदावते, तेल शेंड्यापर्यंत पुरत नाही, पाते तापते. आणि कापणारा वैतागून यंत्र दाबू लागतो. चिंचेसारखे लाकूड असेल तर विचारूच नये. ज्या लाकडाचे तेलाचे घाणे आणि खाटकाचे ठोकळे होत, ते काही केळीचा खुंट नव्हे. सागाची तऱ्हा निराळी. त्याच्या अंगातल्या वाळूसारख्या कणांनी दात लवकर बोथट होतात, आणि लांब साखळीला घासायचे दातही जास्त. शिवाय पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला, तर यंत्र क्षणार्धात कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. पाते लांब असले की ते टोक खोडापलीकडे, नजरेच्या आड राहते. म्हणून जेवढ्यात काम होते तेवढीच लांबी घ्यावी, हा जाणत्यांचा दंडक.

मग मामांनी काम मांडले. झाडाला झुकावाच्या बाजूने दोर लावून तो मोकळ्या रानाकडे तिरपा ताणला. रानाच्या बाजूला खोडाच्या जाडीच्या चौथाई, म्हणजे सुमारे नऊ इंच खोल खाच घेतली. मागून काप घेताना दोन्ही बाजूंनी पाते मध्याला भिडविले. मात्र खाचेपाशी चार इंच जाडीची पट्टी न कापता ठेवली. तिला ते बिजागरी म्हणत. दार जसे बिजागरीवर फिरते तसे झाड त्या पट्टीवर फिरते, आणि ती शाबूत असेपर्यंतच ते माणसाचे ऐकते. मागच्या कापात पाचरा ठोकल्या. झाड कुरकुरले, वळले आणि गोठ्यापासून दहा हात दूर मोकळ्या रानात आडवे झाले. कोणी काही बोलले नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या सावलीत दोन्ही घरांची गुरे बसली, तेथे एकाएकी लख्ख ऊन पडले होते, आणि दोघे भाऊ त्या उन्हात एकमेकांकडे न पाहता उभे होते.

आता कोणी म्हणेल, आखूड पाते हेच खरे शहाणपण. तसेही नाही, आणि हे सांगताना आम्हांला दुसरे एक प्रकरण आठवते. एका मजुराच्या विधवेचा भरपाईचा दावा आमच्याकडे आला होता. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने आले. तेव्हा दाव्याला आधार होता. कागद तर इतके पूर्ण होते की पाहत राहावे. झाडाची जात, घेर इंचापर्यंत, परवानगीचा क्रमांक, लाकूड नेणाऱ्या ट्रकचा क्रमांक. तो मजूर कोणत्या हत्याराने कापत होता, हे मात्र एकाही कागदावर नव्हते. ते आम्हांला त्याच्या सोबत्याकडून कळले. पाते १८ इंची होते आणि खोड चाळीस इंचांच्या वर. दोन्ही बाजूंनी कापूनही मधला गाभा तसाच राहिला. झुकलेल्या झाडाचा सारा भार त्या गाभ्यावर आला; ते पडण्याऐवजी खोड उभे चिरले, आणि चिरलेला भाग मागे उसळून त्या माणसाच्या अंगावर आला. पात्याच्या दुपटीहून जाड झाड त्या पात्याला देऊ नये, एवढे एक वाक्य त्याला कोणी सांगितले असते तर दाव्याची वेळच आली नसती. शेवटी तडजोड झाली, रक्कम मिळाली. ती बाई रकमेच्या कागदावर अंगठा उमटवून उठली तेव्हा तिने एवढेच विचारले, "साहेब, त्यास्नी दुसरं मशीन मिळालं नसतं व्हय?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कलमात नव्हते.

म्हणून अलीकडे झाडतोडीचा करार करण्याचा प्रसंग आला की आम्ही त्यात चार ओळी अधिक घालतो. घेर छातीच्या उंचीवर किती तो सरकारसाठी. आणि ज्या जागी कापायचे तेथे किती तो कापणाऱ्यासाठी. पात्याची लांबी त्या जागच्या जाडीच्या निम्म्याहून स्पष्ट अधिक असावी. इंजिन त्या पात्याला पेलणारे असावे, आणि ते पेलते की नाही हे यंत्राच्या पुस्तिकेवरून ठरावे, ठेकेदाराच्या शब्दावरून नव्हे. आणि जो माणूस ते हातात धरणार आहे, त्याला ते नाकारण्याचा अधिकार असावा. पक्षकार हसतात. वकीलसाहेब आता लाकूडतोड्यांचा धंदा शिकले, असे एकाने आमच्या तोंडावर म्हटले. आम्ही ते स्तुती म्हणून स्वीकारले.

या चार ओळींतली शेवटची ओळ लिहायला सर्वांत सोपी आणि पाळली जायला सर्वांत अवघड आहे. दिवसाच्या मजुरीवर आलेला माणूस 'हे यंत्र मी धरणार नाही' असे सहसा म्हणत नाही. मामा ते म्हणू शकले, कारण त्यांच्या पाठीशी साठ वर्षांचे वय आणि साऱ्या गावाचा मान होता. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, त्याच्यापाशी निदान एक कागद तरी असावा, एवढ्याचसाठी आम्ही ती ओळ दर वेळी लिहितो, आणि सही घेण्यापूर्वी ती त्याला मोठ्याने वाचून दाखवितो.