मेघाची वाट आणि आमची

कालिदासाच्या यक्षाने मेघाला आधी वाट सांगितली आणि निरोप नंतर. ‘मेघदूता’च्या मराठी अनुवादांवर बोलताना हा क्रम आम्ही विद्यार्थ्यांच्या नजरेस नेहमीच आणून देतो. पत्नी तिकडे अलकेत दिवस मोजत बसली आहे, आणि हा विरही जवळजवळ अर्धे काव्य मार्गाच्या वर्णनावर खर्च करतो! चिं. द्वा. देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शान्ता शेळके यांपैकी कोणाचाही अनुवाद उघडला तरी ही विसंगती जाणवतेच. यंदा मात्र तिच्याकडे आम्हांला काहीशा स्वार्थी दृष्टीने पाहावे लागले. आम्ही दोघी नागपुरातल्या दोन महाविद्यालयांत मराठी शिकवतो, दोघीही चाळिशीच्या पुढच्या. आणि दिवाळीच्या सुटीत देशाबाहेर जाऊन सलग काही दिवस डोंगरात पायी चालायचे, एवढे आम्ही नक्की केले होते. कोणत्या वाटेने चालायचे, हे मात्र काही केल्या ठरेना.

रामटेक नागपूरपासून पन्नासएक किलोमीटरवर. रामगिरी म्हणजेच रामटेक, हे महामहोपाध्याय मिराशींचे प्रतिपादन नागपूरकरांच्या इतके अंगवळणी पडले आहे की याबाबत अन्य विद्वानांची वेगळी मते आहेत हे आम्ही मान्य करतो, पण मनावर घेत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंच, आणि गाव सपाट. तेव्हा चढाचा सराव म्हणून काही रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढू लागलो. तिथेच, दम लागून बसलेल्या अवस्थेत, पूर्वमेघातला यक्षाचा पहिलाच सल्ला नव्याने कळला. थकशील तेव्हा शिखरांवर पाय टेक, क्षीण होशील तेव्हा झऱ्याचे हलके पाणी पी, असे तो सांगतो. मुक्काम आणि पाणी! वाट सांगणाऱ्याने प्रथम याच दोन गोष्टी सांगाव्यात, ही केवळ कविकल्पना नव्हे. पुढे तो उज्जयिनीसाठी मेघाला मुद्दाम वाकडी वाट करायला लावतो, आणि सुगंधी डोंगराडोंगरावर तुझा वेळ मोडणार हे मला दिसतेच आहे, असेही म्हणून ठेवतो. घाई ज्याची त्यालाच उशिराची तजवीज करावी लागते, हा ‘मेघदूता’तला विनोद आमच्या मते फारसा कोणी लक्षात घेत नाही.

साहित्याच्या न्यायाने पाहिले तर आमची वाट ठरलेलीच होती. मेघ रामगिरीहून निघून कैलासाच्या कुशीतल्या अलकेला जातो. आम्हीही कैलासाची परिक्रमा करावी. सुमारे बावन्न किलोमीटरची ही वाट बहुतेक यात्रेकरू तीन दिवसांत चालतात, आणि तिच्यावरची डोल्मा ला ही खिंड ५,६०० मीटरहून उंच आहे. २०२० पासून खंडित झालेली कैलास-मानसरोवर यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा आम्हांलाही हुरूप आला होता. पण ही यात्रा निघते जून ते ऑगस्टमध्ये. तो महाविद्यालयांत प्रवेशाचा हंगाम. त्या दिवसांत रजा मागणे म्हणजे प्राचार्यांच्या दालनात वेगळीच परिक्रमा करणे होय. शिवाय पहिल्याच वेळी इतकी उंची नको, हेही होतेच. कैलास मागे ठेवला.

नेपाळ उरला. व्हिसा लागत नाही, नागपूरहून गोरखपूरला थेट गाडी मिळते, पुढे सुनौलीची सीमा. परदेश खरा, पण हाक मारली तर ओ देईल असा. तिथे पहिली नजर अर्थातच अन्नपूर्णेकडे गेली. पोखरा, घान्द्रुक, छोम्रोङ आणि मग ४,१३० मीटरवरचा तळ; सभोवती हिमशिखरांचे कडे. या वाटेची छायाचित्रे पाहताना ‘निसर्गरम्य’ या शब्दाची आम्हांला प्रथमच अडचण वाटू लागली. शालेय निबंध आणि प्रवासी कंपन्यांची पत्रके यांनी मिळून गुळगुळीत केलेला हा शब्द. छायाचित्रे तशीच होती: शिखर, आकाश, पुढे पाठमोरा प्रवासी. घर नाही, चूल नाही, वाटेवर राहणारे माणूस नाही. यात अन्नपूर्णेचा दोष नाही, छायाचित्रे निवडणाऱ्यांचा आहे. गुरुङांची नांदती गावे त्या वाटेवर आहेत, हे आम्ही जाणतो. तरी मन बसेना. त्याच पर्वताला वळसा घालणाऱ्या मोठ्या वाटेचाही विचार झाला. पण तिच्यावर आता मोटाररस्ता बराच आत शिरला आहे, आणि थोराङ ला ही तिची खिंड ५,४१६ मीटरवर आहे. ऑक्टोबर हा हिमालयात निर्धास्त महिना मानतात. २०१४ च्या ऑक्टोबरात विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळलेले हुदहुद वादळ दोन दिवसांत तिथवर पोहोचले आणि त्या परिसरातल्या हिमवादळात चाळीसहून अधिक माणसे गेली. मेघ दक्षिणेकडून हिमालयाकडे जातो, तो नेहमी निरोप घेऊनच जातो असे नाही.

तिसरे नाव होते लाङटाङ. काठमांडूच्या उत्तरेची, तिबेटच्या सीमेला लागून असलेली खोरी. स्याब्रुबेसीपासून, म्हणजे सुमारे दीड हजार मीटरपासून, नदीकाठच्या जंगलातून चढत क्यानजिन गोम्पापर्यंत (३,८७० मीटर) जाणारी ही वाट. मध्ये लांबच लांब मणी-भिंती आहेत. मंत्र कोरलेल्या शिळा रचून केलेल्या. त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे, म्हणजे चालता चालता प्रदक्षिणा घडते. क्यानजिनला १९५० च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेला चीजचा कारखाना आहे. इथवर सारे आमच्या मनासारखे होते.

पण २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरच्या उतारावरून हिम, बर्फ आणि दगड यांचा लोंढा कोसळून लाङटाङ हे गाव गाडले गेले. गावकरी, वाटाडे, हमाल, परदेशी प्रवासी मिळून तीनशेच्या आसपास माणसे तिथे मरण पावली. गाव नव्याने उभे राहिले आहे, मृतांचे स्मारकही आहे. पण क्यानजिनला जाणारी वाट आजही त्या दगडांच्या ढिगाऱ्यावरूनच जाते.

यावरून आमच्या दोघींत जो वाद झाला, तो एका संध्याकाळी मिटला नाही. एकीचे म्हणणे असे की, आपण शिखरे पाहायला जाणार. ज्याच्या खाली माणसे आहेत त्या जागेवरून गळ्यात कॅमेरा अडकवून चालण्याचा आपल्याला काय अधिकार? त्यांचा शोक ही आपल्या सहलीतली एक जागा होऊन बसेल. दुसरीचे म्हणणे, वाट टाळल्याने शोक कमी होत नाही, चहाघरातली चूल मात्र विझते. ज्यांनी घरे पुन्हा बांधली त्यांनी ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या भरवशावर बांधली. आम्ही दोघी वर्गात हुकमी निष्कर्ष सांगणाऱ्या. इथे दोन्ही बाजू एकदमच खऱ्या वाटत होत्या. कोणती बाजू कोणाची होती, हे सांगत नाही, कारण मधल्या काळात ती अदलाबदलही झाली.

अखेर पुन्हा पूर्वमेघ वाचला, पण या वेळी डोंगर आणि नद्या सोडून. तेव्हा दिसले की यक्षाच्या वाटेवर माणसांना तोटा नाही. पाऊस येणार म्हणून भाबड्या डोळ्यांनी वर पाहणाऱ्या शेतकरणी, गालावरचा घाम पुसणाऱ्या माळिणी, उदयनाच्या कथा सांगणारे अवंतीचे वृद्ध. मेघाने या माणसांकडे नुसते पाहून पुढे जायचे नाही; शेतावर वर्षाव करायचा, माळिणींवर क्षणभर सावली धरायची. आम्रकूटाचा वणवा विझव, तो तुला डोक्यावर घेईल, हे तर उघड देणेघेणेच आहे. रम्य स्थळांची ही यादी खरी उपकार-प्रत्युपकारांची आहे, असे आमचे मत झाले. इरावतीबाई कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेखही त्याच आठवड्यात पुन्हा वाचला. सोबत चालणाऱ्यांच्या जातवार पंक्ती त्यांना खुपतात, त्या खुपण्यासकट त्या चालत राहतात. पंढरीला ज्यांची माणसे जातात तो महाराष्ट्र, ही ओळख त्यांना त्या चालण्यातच होते. देखाव्यासाठी ती वाट कोणी निवडत नसावे.

लाङटाङ ठरले. अट एवढीच की स्मारकापाशी कॅमेरा पिशवीत राहील आणि मुक्काम नव्या गावातच होईल, घाईने ओलांडून जायचे नाही.

यानंतरचे काम रुक्ष, पण त्यात आमचे मन अधिक रमले. ३,००० मीटरच्या वर एका दिवसात मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, हा विरळ हवेचा साधा नियम. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी लामा हॉटेल या वस्तीपासून थेट लाङटाङ गाठतात; त्यात ही मर्यादा सरळ ओलांडली जाते. म्हणून मध्ये, सुमारे ३,००० मीटरवर, एक जादा मुक्काम घातला. त्या जागेचे नाव घोडातबेला. नेपाळीतले हे नाव मराठी माणसाला भाषांतराविना कळावे, हा आनंद आम्हांला एखाद्या शिखरदर्शनाहून कमी वाटला नाही. क्यानजिनला दोन रात्री राखल्या. वाटाड्या स्थानिक, शक्यतो त्याच खोऱ्यातला, असे पत्रातून कळवले आहे; दसऱ्याला, म्हणजे तिकडच्या दशैंला, मंडळी घरी असतात, तेव्हा निघणे त्यानंतरच.

गोरखपूरच्या गाडीचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. तोवर रामटेकच्या पायऱ्या आहेत. गेल्या रविवारी आम्ही त्या न थांबता चढलो, आणि वर पोहोचल्यावर बराच वेळ कोणीच काही बोलले नाही, कारण श्वास नव्हता.